चांदी तपासायचं अ‍ॅसिड किट घ्यावं का? वापरून बघितल्यावरचं माझं मत

आधीच सांगून टाकते, ऑनलाइन मिळणारं चांदी टेस्टिंगचं अ‍ॅसिड किट घरच्या माणसांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय. त्याच पैशात किंवा त्याहून कमीत तो छोटा डिजिटल काटा मिळतो ना, पॉइंट झिरो वन ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तो घ्या आणि उरलेल्या पैशात एकदा धातूची टक्केवारी सांगणाऱ्या मशीनवर तपासून आणा. का ते सविस्तर लिहिते, कारण चांदीचा भाव किलोला लाखाच्या पार गेल्यापासून आमच्याकडे गोव्यात डिचोली-साखळी भागात जो तो माळ्यावरची जुनी भांडी खाली काढतोय आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हे खरं आहे की नाही.

आमच्याकडे पावसाच्या आधी कौलं परतायला काढली तेव्हा माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत काळीठिक्कर पडलेली भांडी मिळाली, एक जाड वाटी, काही चमचे, एक गुलाबदाणी आणि फडक्यात बांधलेली थोडी नाणी. शिक्का कशावरच नाही. शिक्का असता तर अर्धं काम तिथंच झालं असतं. ईपीएनएस असं कोरलेलं असेल तर ते निकेल सिल्व्हरवर (जर्मन सिल्व्हरचंच दुसरं नाव) चांदीचा मुलामा दिलेलं भांडं, अल्पाका लिहिलं असेल तर जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी त्यात औषधालाही नाही. पोर्तुगालमधून आलेल्या वस्तू गोव्यात बऱ्याच घरांत आहेत, त्यांच्यावर गरुडाच्या डोक्याचा बारीक ठसा आणि 833 (म्हणजे हजारात 833 भाग चांदी, पुढचे 925, 800 हे आकडेही तसेच) दिसलं तर ती तिकडच्या सरकारी कसाची चांदी, हा गरुड 1938 पासूनचा, त्याआधीच्या वस्तूंवर रानडुकराचं डोकं असायचं. भिंग घेऊन बुडाखाली, दांड्याच्या मागे नीट बघा, काळ्या थराखाली ठसे दडलेले असतात.

आता किटबद्दल. डब्यात अ‍ॅसिडची बाटली, कसाचा काळा दगड, एक बारीक कानस आणि रंगांचा तक्ता. किंमत सहाशेच्या आसपास. पहिली गोष्ट जी मला अजिबात आवडली नाही ती म्हणजे बाटलीवर आत नेमकं काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. ह्या लाल-नारिंगी द्रावणात बहुतेक वेळा नायट्रिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम डायक्रोमेट असतं. नायट्रिकने कातडी पिवळी पडते, भाजते, आणि डायक्रोमेटमधलं क्रोमियम कॅन्सर करणारं म्हणून ओळखलं जातं. अशी बाटली लेबलशिवाय, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरात येते, जिथे मुलं आहेत, जिथे आई सगळ्या बाटल्या एकाच फळीवर ठेवते. ही कंजुषी नाही, हा निष्काळजीपणा आहे आणि विकणाऱ्याला मी तसं कळवलंय.

वापरायची पद्धत अशी, वस्तू दगडावर घासून रेघ ओढायची, रेघेवर एक थेंब सोडायचा आणि रंग बघायचा. तक्त्याप्रमाणे शुद्ध चांदीला भडक लाल, 925 ला गडद लाल, 800 ला तपकिरी, 500 ला हिरवट, निकेलला निळसर, शिशाला पिवळा. ऐकायला सोपं वाटतं. पण द्रावण स्वतःच लाल, दगड काळा, आणि तक्त्यात तांब्यालाही तपकिरी आणि पितळेलाही गडद तपकिरी लिहिलेलं, मग 800 ची चांदी आणि तांबं ह्यातला फरक नवख्या डोळ्याला कळणार कसा? वाटीला गडद लाल आला तो मला नीट दिसला, आईलाही दिसला. पण एका चमच्याला आधी लाल आला, मग त्याच जागी कानस थोडी खोल मारल्यावर रंग पार बदलला, म्हणजे वर मुलामा आणि आत दुसरंच काहीतरी. इथंच किटची खरी गोम आहे, कानस मारल्याशिवाय ते वरच्या थराबद्दलच बोलतं, आणि कानस मारली की वस्तूवर कायमचा ओरखडा. आजीच्या वाटीवर कानस फिरवायची असेल तर मनाची तयारी ठेवा, निदान बुडाच्या आतल्या कडेला घासा जिथे कुणाला दिसणार नाही.

एवढं मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवं की दगड चांगला निघाला. बारीक पोताचा, रेघ छान उठते. आणि ज्याचा हात बसलाय त्याच्यासाठी कस लावणं ही अजूनही भरवशाची पद्धत आहे. म्हापशातल्या आमच्या शेटांनी, म्हणजे सोनारांनी, माहीत असलेल्या चांदीची रेघ शेजारी ओढून दोन्हींवर एकदम थेंब टाकला आणि दोन्ही रंग एकमेकांशी ताडून बघितले, तक्त्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. किटमध्ये नमुन्याची चांदीच नसते, म्हणून घरी ताडून बघायला काही उरत नाही. विकणाऱ्यांनी 925 ची एक बारीक तार जरी डब्यात टाकली तरी किटची किंमत वसूल होईल.

आता काटा, ज्याच्यावर मी खरंच खूश आहे. पद्धत अशी, वस्तू कोरडी वजन करायची. मग पेल्यात पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवायचा, काटा शून्य करायचा, आणि वस्तूला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवून धरायची, तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जो आकडा येतो तेवढे घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान, कारण एक घनसेंटिमीटर पाणी साधारण एक ग्रॅम भरतं. पहिल्या वजनाला ह्या आकड्याने भागलं की घनता. शुद्ध चांदीची 10.49 येते, 925 ची 10.36 च्या जवळ, तांब्याची 8.96, जर्मन सिल्व्हर आणि पितळ साडेआठ-पावणेनऊच्या घरात, शिसं 11.34. माझी वाटी 84.2 ग्रॅम, पाण्यातला आकडा 8.1, भागाकार 10.4. तो रंग बदललेला चमचा 41.6 ग्रॅम, पाण्यात 4.8, म्हणजे 8.67, विषय संपला. ना ओरखडा, ना अ‍ॅसिड, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. फक्त दोऱ्याला आणि वस्तूला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटकून टाका, नाहीतर आकारमान जास्त दिसतं आणि चांगली चांदी उगाच हलकी ठरते. वस्तू लहान असेल, पाच-सात ग्रॅमची, तर चूक वाढते, तिथे ह्या भागाकारावर विसंबू नका.

गुलाबदाणीला मात्र हे लागू पडत नाही. ती पोकळ, मानेचे आटे घट्ट बसलेले, आत हवा अडकते, आणि अशा वस्तूंच्या बुडात जड व्हायला लाख किंवा राळ भरलेली असते. माझा भागाकार सहाच्याही खाली आला आणि त्याचा काहीच अर्थ नव्हता. समई, मूर्ती, जुन्या मेणबत्तीच्या स्टँड, मुठीत भरण घातलेल्या सुऱ्या, ह्या सगळ्यांना पाण्याची परीक्षा नकोच.

लोहचुंबक आणि बर्फ, हे लोक फार सांगतात म्हणून थोडक्यात. चुंबक चिकटला तर चांदी नाही हे नक्की, पण नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर कशालाच तो चिकटत नाही. बर्फाचा खडा चांदीवर झपाट्याने वितळतो हेही खरं, सगळ्या धातूंत चांदी उष्णता सगळ्यात चांगली वाहून नेते, पण तांबं तिच्या अगदी पाठोपाठ आहे, मग मुलामा दिलेलं तांबं बर्फाने कसं पकडणार.

नाण्यांच्या बाबतीत चुंबक मात्र कामाचा निघाला. आमच्या पुरचुंडीत ब्रिटिश रुपये होते. 1939 पर्यंतचा रुपया 91.67 टक्के चांदीचा, 11.66 ग्रॅम. 1940 ते 1945 चे अर्ध्या चांदीचे. आणि 1947 चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला टपकन चिकटतो. पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या रुपियाचंही साल बघून घ्या, 1947 चा अर्ध्या चांदीचा, 1952 चा तांबं-निकेलचा, त्यामुळे साल नीट वाचलं की निम्मा निकाल हातात. खोटी नाणी फिरतात म्हणून वजन कराच. पण नाण्याला कानस, अ‍ॅसिड किंवा पितांबरी काहीही लावू नका, संग्राहक घासलेल्या नाण्याची किंमत खाली पाडतात.

शेवटी मशीन. म्हापशातच एका ठिकाणी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या मशीनवर तपासून देतात, प्रत्येक वस्तूचे शे-दीडशे रुपये घेतले आणि मिनिटाभरात टक्केवारी छापून कागद दिला. वाटी 91 टक्क्यांच्या वर चांदी, बाकी जवळपास सगळं तांबं. हा आकडा रुपयाच्या नाण्याच्या कसाला इतका जवळचा आहे की शेट म्हणाले, पूर्वी रुपयेच आटवून भांडी करायचे, ही त्यातलीच असेल. सिद्ध करता येणार नाही, पण मला हे ऐकून फार आनंद झाला. सर्व्हिस चांगली, वस्तू माझ्यासमोरच तपासली, आत नेली नाही, हे महत्त्वाचं. एक उणीव, मशीनही वरचा पातळ थरच वाचतं हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही. जाड मुलामा असेल तर मशीनही चांदीच म्हणेल, शिवाय जुन्या चांदीच्या पृष्ठभागातलं तांबं उजळून-उजळून निघून गेलेलं असतं म्हणून आकडा थोडा चढा येऊ शकतो. म्हणून घरचा घनतेचा आकडा सोबत न्या, दोन्ही जुळले तर शंका उरत नाही. गुलाबदाणीचं आम्ही दोन ठिकाणी वाचन घ्यायला लावलं, झिजलेल्या कडेवर आणि पोटावर, दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच आला, त्यामुळे ती चांदीची मानायला हरकत नाही, वजन मात्र बुडातल्या भरणासकट आहे, विकायची असेल तर भरण काढूनच वजन करून घ्यायचं असतं. आम्ही विकणार नाही आहोत.

नवीन चांदी घेणाऱ्यांसाठी एवढंच की 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही एचयूआयडीवालं, म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळा ओळख नंबर देणारं हॉलमार्किंग सुरू झालंय, सक्तीचं नाही, पण मागून घ्या आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून तिथल्या तिथे बघा.

आणि ज्यांनी किट आधीच मागवलंय त्यांनी हातमोजे, चष्मा घालून पडवीत उघड्यावर बसा, शेजारी खाण्याचा सोडा आणि भरपूर पाणी ठेवा. उरलेलं अ‍ॅसिड मोरीत किंवा परसात ओतू नका, आपल्याकडे विहीर चार पावलांवर असते आणि क्रोमियम सोड्याने नाहीसं होत नाही. मी माझी बाटली शेटांना विचारून त्यांच्याकडेच देऊन टाकली, त्यांच्या रोजच्या वापरात ती संपेल.