उंदरांची बाटली कबुतरांना चालत नाही
विष आणि चिकट सापळे वापरायचे नाहीत, असे ठरवल्यावर मी उंदरांना दूर ठेवण्यासाठी कॅप्सेसिनचा फवारा आणि कबुतरांना दूर ठेवण्यासाठी मिथाइल अँथ्रानिलेट या रसायनाचे द्रावण आणले. तीन महिन्यांनंतर दोन्हींबद्दल माझे मत एकंदरीत बरे आहे. मात्र पहिल्या बाटलीवर छापलेला ‘उंदीर व पक्षी दोहोंवर गुणकारी’ हा दावा साफ खोटा आहे.

मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडाची आग करते, पक्ष्यांना ते जवळजवळ जाणवतच नाही; पोपट मिरच्या मजेत खातो तो त्यामुळेच. हे ठाऊक असूनही मी कठड्यावर तो फवारून पाहिला. कबूतर आले, मान तिरकी करून त्याने ओला डाग न्याहाळला आणि नेमके त्यावरच बसले. वॉशिंग मशीनच्या वायरींवर मात्र (प्लग काढूनच फवारावे, आणि नाकातोंडाला फडके बांधावे, नाहीतर ठसका लागतो) दातांच्या नव्या खुणा उमटल्या नाहीत. उंदीर घरातून गेला असे नव्हे. त्याने आपला मोर्चा पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळवला. जिथे थर आहे तेवढेच वाचते.

कबुतरांसाठीच्या द्रावणाला द्राक्षाच्या गोळ्यांसारखा वास येतो, आणि तो यावाच, कारण हेच रसायन खाद्यपदार्थांना द्राक्षाचा स्वाद देण्यासाठी वापरतात. आपल्याला गोड वाटणारा हा वास पक्ष्यांच्या चोचीतील आणि डोळ्यांतील चेतातंतूंना झोंबतो. कबुतरे दुसऱ्याच दिवशी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तिथेही द्रावण लावल्यावर येईनाशी झाली. पण ते उडून जाते आणि उन्हात त्याचे विघटनही होते, त्यामुळे सावलीकडच्या बाजूला जे तीन आठवडे टिकले ते उन्हाच्या बाजूला दर आठवड्याला लावावे लागले. कुंडीमागे अंड्यांवर बसलेली मादी तर जागची हललीच नाही. पिल्ले उडून जाईपर्यंत मी तिच्या वाटेला गेलो नाही. घरटे होण्याआधीच द्रावण लावावे, एवढी सूचना माहितीपत्रकात हवी होती.

पक्ष्यांना दूर ठेवणारे आणखी एक रसायन म्हणजे अँथ्राक्विनोन. ते पक्ष्याच्या पोटात गेल्यावर त्याला मळमळते आणि तो ते खाद्य टाळू लागतो, म्हणून ते पेरणीच्या बियाण्याला उपयोगी. नुसत्या बसायला येणाऱ्या कबुतरापुढे ते व्यर्थ आहे.

उंदराच्या लहान पिल्लाला जेमतेम ६ मिलिमीटरची फटही पुरते. सिंकखालच्या नळाभोवतीची फट मी स्टीलच्या काथ्याने आणि सिमेंटने बुजवली, तेव्हापासून फवाऱ्याची दुसरी बाटली सीलबंदच आहे.