कोल्हापुरी चपलांच्या ब्लॉगचं दुकान करताना: सीमाभागातून वूकॉमर्स कसं चालतं

अथणी, निपाणी, मदभावी या पट्ट्यातल्या चपलांबद्दल मराठीत लिहिणारा ब्लॉग चालायला लागला की वाचक येतो कोल्हापूर, सांगली, पुण्या-मुंबईतून, आणि माल असतो कर्नाटकात. ब्लॉगवरून विक्री सुरू करताना निम्म्याहून जास्त अडचणी या एकाच गोष्टीतून निघतात. म्हणून वर्डप्रेसच्या (वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ब्लॉगला ऑनलाइन दुकान जोडणारं वूकॉमर्स हे प्लगइन इथे त्याच कसोटीवर तपासलं आहे. निर्णय आधीच सांगतो: महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरी येत असतील तर घ्यावं. त्याहून कमी असतील तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय पुरेसं आहे, उगाच संसार मांडू नये. आणि घेतलंत तर मूळ सेटिंग्ज जशाच्या तशा ठेवू नका. सीमेवरच्या दुकानाला त्या चुकीच्या ठरतात.

वूकॉमर्स २०११ साली आलं. २०१५ पासून ते ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे. मूळ प्लगइन फुकट आहे. खर्च डोमेन, होस्टिंग आणि जोडीच्या प्लगइनांचा. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आकडा बघू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. दुसऱ्या वर्षी तो दुप्पट-तिप्पट झालेला दिसतो. शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकान देणारी सेवा मांडायला सोपी आहे, पण तिचं दरमहा भाडं आहे. शिवाय भारतात शॉपिफायची स्वतःची पेमेंट सोय नसल्यामुळे बेसिक प्लॅनवर पेमेंट गेटवेच्या (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुम्हाला देणाऱ्या कंपनीच्या) कापणीवर आणखी २ टक्के जातात. दीड हजाराच्या जोडामागे ३० रुपये. दोन-तीनशे रुपये सुटणाऱ्या धंद्यात ते बोचतात.

आता ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा सोडून वर्डप्रेसवर येण्याबद्दल. मराठी ब्लॉगांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ब्लॉगर मराठी शीर्षकाचा पत्ता बनवू शकत नाही, म्हणून जुन्या लेखांचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असे असतात. वर्डप्रेसमध्ये आयात केल्यावर तेच लेख देवनागरी शीर्षकाच्या पत्त्यावर जातात. गूगलमध्ये साठलेले दुवे आणि वाचकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दुवे सगळे तुटतात. त्यामुळे आयातीनंतर पहिलं काम म्हणजे जुना पत्ता आणि नवा पत्ता यांची जोडयादी करून प्रत्येकाला ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण) लावणं. ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर असेल तर रिडायरेक्शन नावाचं फुकट प्लगइन ते करतं, यादी सीएसव्ही तक्त्यातून एकदम चढवता येते. चित्रं खरोखर तुमच्या सर्व्हरवर उतरली की अजून गूगलकडूनच दिसताहेत, हेही चार-पाच लेख उघडून बघा.

नवे पत्ते मात्र देवनागरीत ठेवू नका. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ जागा खातं. म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता मध्येच कापला जातो. काना-मात्राही त्यात मोजायच्या. छोटा रोमन पत्ता द्या, शीर्षक मराठीच राहू द्या. जुने लेख श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेले असतील तर आधी युनिकोडात बदला, नाहीतर गूगलला ती अक्षरं वाचताच येत नाहीत.

आता कर. बेळगावहून बेंगळूरला पाठवलेला जोड कायद्याने राज्यातल्या राज्यातला आणि निपाणीहून हाकेवरच्या कागलला पाठवलेला जोड परराज्यातला. वस्तू परराज्यात विकायच्या तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कर्नाटकातल्या कर्नाटकात वस्तू विकणाऱ्याला असलेली ४० लाखांची मर्यादा इथे कामाला येत नाही. हातकामाच्या ठरावीक वस्तूंना यातून २० लाखांपर्यंत सूट आहे, पण तिला पॅन आणि ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठीच्या ऑनलाइन कागदाची) अट आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडून लेखी घ्या. शेजारच्या दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. वूकॉमर्समध्ये हा कर ओळींनी भरायचा असतो: ५ टक्क्यांच्या जोडाला कर्नाटकासाठी २.५ टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि २.५ टक्के एसजीएसटी (राज्याचा वाटा), बाकी राज्यांसाठी ५ टक्के आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर). इथे हमखास होणारी चूक म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्हींना प्रायॉरिटी १ देणं. एका प्रायॉरिटीची एकच ओळ लागू होते, त्यामुळे बिलावर निम्माच कर येतो आणि उरलेला पुढे खिशातून भरावा लागतो. सीजीएसटीला १, एसजीएसटीला २ द्या. आयजीएसटीला १ द्या आणि ती ओळ कर्नाटकाच्या ओळींच्या खाली ठेवा. किमती करासहित भरा. आपल्याकडचा गिऱ्हाईक शेवटच्या पानावर वाढलेला आकडा बघून परत जातो.

दुसरी चूक याहून चोरटी आहे. सेटिंग्जच्या जनरल पानावर ‘डिफॉल्ट कस्टमर लोकेशन’ असतं. ते दुकानाच्या पत्त्यावर असेल तर गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये राज्य आधीच ‘कर्नाटक’ भरून येतं. चंदगडचा माणूस नाव, गाव, पिनकोड बरोबर भरतो आणि राज्याकडे बघतच नाही. बेळगावच्या दुकानातून घेतोय म्हटल्यावर त्याला ते खटकतही नाही. बिल निघतं सीजीएसटी-एसजीएसटीचं आणि माल जातो महाराष्ट्रात. महिनाअखेरीस रिटर्न भरताना ही बिलं एकेक करून दुरुस्त करावी लागतात. तिथे ‘नो लोकेशन बाय डिफॉल्ट’ निवडा, म्हणजे राज्य निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

डिलिव्हरीचे झोन राज्यांवरून आखू नका, पिनकोडावरून आखा. ५९० आणि ५९१ ने सुरू होणारे एका झोनमध्ये, ४१६ चे दुसऱ्यात, गोव्याचे ४०३ तिसऱ्यात, मग उरलेला महाराष्ट्र, मग उरलेला देश. पहिल्या तीन आकड्यांपुढे तारांकन टाकलं की पुढचे सगळे पिनकोड त्यात येतात. ४१६ मध्ये कोल्हापूरबरोबर सांगली आणि सिंधुदुर्गही येतात, हे दर ठरवताना लक्षात असू द्या. झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, म्हणून लहान झोन वर हवेत. ‘महाराष्ट्र’ वर राहिला तर ४१६ चा स्वस्त दर कोणालाच दिसणार नाही. कोल्हापूरकडे एसटीने पार्सल पाठवायची सोय मुख्य पर्याय म्हणून ठेवू नका. सीमाप्रश्न तापला की बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच झालं. कुरिअर किंवा टपाल मुख्य ठेवा.

मराठी कीपॅडवरून टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना फॉर्मवर लिहिणं आवश्यक आहे. वूकॉमर्स पिनकोड आणि मोबाइल नंबर देवनागरी अंकांत स्वीकारत नाही, ‘चुकीचा पिनकोड’ म्हणून परत पाठवतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्या गावाला डिलिव्हरी नाही. रकान्याशेजारी ‘अंक इंग्रजीत लिहा’ एवढी ओळ टाका. पत्ताही रोमनमध्ये मागा, लेबल छापताना सोपं जातं. वूकॉमर्सच्या मराठीकरणात काही ओळी इंग्रजीच राहतात. लोको ट्रान्सलेट प्लगइनने त्या मराठीत करता येतात, पण फाइल त्याच्या ‘कस्टम’ जागेत जतन करा, नाहीतर पुढच्या अपडेटला मेहनत पुसली जाते. कन्नड पानंही हवी असतील तर पॉलिलँग हे अनेक भाषांचं प्लगइन लेखांसाठी फुकट आहे; दुकानाच्या पानांना जोडायचा भाग मात्र विकत घ्यावा लागतो. बेळगाव-धारवाडकडचा गिऱ्हाईक धरायचा असेल तर तो खर्च योग्य आहे.

कुरिअरचा दर वजनापेक्षा खोक्याच्या मापावर जास्त ठरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यांत जे जास्त ते धरलं जातं, आणि दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांत असतात. बुटांच्या ३० बाय २० बाय १० च्या खोक्याचे १.२ किलो होतात, म्हणजे दीड किलोचा दर. तोच जोड तळाला तळ लावून ३० बाय १२ बाय ८ च्या खोक्यात बसवला तर ०.५८ किलो, म्हणजे एक किलोचा दर, अर्थात खरं वजन किलोच्या आत असेल तर. चपलेचे बाजूचे कान दबू नयेत म्हणून मध्ये कागदाचा बोळा घाला. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी नकोच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं बंद पिशवीत दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. जाड कागद आणि सिलिका जेलची पुडी ठेवा, प्लास्टिक फक्त खोक्याच्या बाहेरून.

साइझसाठी ‘व्हेरिएबल प्रॉडक्ट’ (एकाच वस्तूचे अनेक प्रकार) घ्या आणि साठा प्रत्येक साइझवर मोजा. मुख्य वस्तूवर एकत्र साठा ठेवला तर ‘२० जोड शिल्लक’ दिसतं आणि आठ नंबर संपलेला असूनही विकला जातो. प्रकार आपोआप बनवणारं बटण एकदा दाबलं की साइझ-रंगाचे पन्नासच्या आसपासच प्रकार तयार होतात; रंग जास्त असतील तर पुन्हा दाबावं लागतं.

पैशांची बाजू एका जोडावर मांडून बघा. समजा किंमत १५०० रुपये, कर धरून. त्यातला जीएसटी ७१.४३. रेझरपे या गेटवेचे नेहमीचे २ टक्के म्हणजे ३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५.४०, मिळून ३५.४०. कुरिअर ९०, खोकं २५, कारागिराला ९५०. उरतात ३२८ रुपये १७ पैसे. साइझ बसली नाही म्हणून जोड परत आला आणि दुसरा गेला तर कुरिअरचे आणखी १८० गेले, निम्म्याहून जास्त कमाई संपली. म्हणून या धंद्यात ब्लॉगवरचा सगळ्यात मोलाचा लेख म्हणजे पाय कागदावर ठेवून, पेन्सिल उभी धरून, टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये कसं मोजायचं आणि त्यावरून नंबर कसा निवडायचा हे चित्रांसह सांगणारा. नवी चप्पल सुरुवातीला घट्ट असते आणि घालून सैल होते, हे त्यातच सांगा. त्या लेखाचा दुवा प्रत्येक वस्तूच्या पानावर, साइझच्या चौकटीला लागून हवा.

दुसरा लेख ‘अथणीची चप्पल कोल्हापुरी कशी?’ या प्रश्नाचा. महाराष्ट्रातला गिऱ्हाईक हे विचारतोच. उत्तर सरळ आहे: २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकात (ठरावीक भागातल्या वस्तूच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणात) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. पण ते बोधचिन्ह पानावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर चिन्ह लावू नका, माहिती लिहा. मिलानमध्ये जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने दाखवलेल्या चपलांवरून वाद झाला, त्यानंतर हा प्रश्न विचारणारे वाढले आहेत. ब्लॉगवर लावलेल्या गूगलच्या जाहिरातींच्या भरवशावर मात्र राहू नका. अ‍ॅडसेन्स मराठीत चालतं, पण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत आणि वस्तूच्या पानावरची जाहिरात तुमचाच गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात पाठवते. लेखांवर ठेवा, दुकानाच्या पानांवर बंद करा.

पेमेंट गेटवे खातं मंजूर करताना वेबसाइट तपासतो. संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि डिलिव्हरी अशी पाचही पानं आधी तयार ठेवा, मराठीबरोबर इंग्रजीतही. मंजुरीनंतर वेबहुक (पैसे आल्याचा निरोप गेटवेकडून दुकानाला आपोआप देणारी सोय) जोडायला विसरू नका. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देऊन ब्राउझर बंद करतो, दुकानाला निरोप पोचत नाही, आणि वूकॉमर्स साठा अडवून ठेवायची ६० मिनिटांची मूळ मुदत संपली की ऑर्डर रद्द करतं. पैसे आले, ऑर्डर नाही. असं दोनदा झालं की गाव तुम्हाला फसवणारा म्हणतं. ऑर्डरीची ईमेल एसएमटीपी (मेल सर्व्हरमार्फत ईमेल पाठवणाऱ्या) प्लगइनमधून पाठवा, नाहीतर ती स्पॅममध्ये जातात. कॅश ऑन डिलिव्हरी फक्त ५९०, ५९१ आणि ४१६ च्या झोनला ठेवा. ती ठरावीक शिपिंग पद्धतींपुरती मर्यादित करायची सोय सेटिंगमध्येच आहे. लांबचा जोड दारातून परत आला तर दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्यावर.

दुकान उघडण्याआधी पाच चाचणी ऑर्डरी टाका. ५९०००१ बेळगाव: सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्ही ओळी, जवळचा दर, रोख चालेल. ५९१२३७ निपाणी: तसंच. ४१६५०९ चंदगड: आयजीएसटीची एकच ओळ, रोख चालेल. ४०३००१ पणजी: आयजीएसटी, रोख नको. ५६०००१ बेंगळूर: पुन्हा सीजीएसटी-एसजीएसटी, पण लांबचा दर. एकही आकडा वेगळा आला तर आधी झोनचा क्रम बघा, मग कराची प्रायॉरिटी.