निक्रोम लूप, सात महिन्यांनंतर: किट ठीक आहे, पण तो स्क्रू!

एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी घेतलेल्यांना प्रॅक्टिकलच्या किटात काय असतं ते माहितीच आहे, अ‍ॅप्रन, स्लाइड्स, कव्हरस्लिपा, ड्रॉपर, काचेवर लिहायची पेन्सिल, काडेपेटी, फडका आणि लूप. यादी परत देत बसत नाही. मी जुलैमध्ये रत्नागिरीतल्या एका दुकानातून साडेतीनशेला अख्खं किट घेतलं, आज सात महिने झाले, आणि लिहायचं कारण एकच, लूप, म्हणजे जंतू उचलायची, टोकाला गोल वळवलेली आणि दांड्यात बसवलेली तार. बाकीच्या वस्तूंबद्दल माझी फारशी तक्रार नाही. अ‍ॅप्रन श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कॉलरवर काळे ठिपके पडतात, पण ते आमच्या मालगुंडात सगळ्याच कपड्यांचं होतं, त्यात अ‍ॅप्रनचा काय दोष.

तर झालं असं की ऑक्टोबरात इंटर्नल परीक्षा. प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करायचं होतं, म्हणजे लूपने रेघा ओढत जंतू विरळ विरळ पसरवत न्यायचे, दर भागानंतर लूप लालभडक तापवायचा, निववायचा, पुढे जायचं. दोन भाग झकास झाले. तिसऱ्याला तार होल्डरमध्ये अशी गर्रकन फिरली की लूप आडवा झाला, मी सरळ करायला होल्डर जरा हलवला तर तारच निसटून अगारवर, म्हणजे प्लेटमध्ये थिजवलेल्या जंतूंच्या खाद्यावर, पडली. टेकवली नाही हं, पडली, आमटीत चमचा पडावा तशी. मॅडम शेजारीच उभ्या. काही बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं फक्त, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

होल्डर अ‍ॅल्युमिनियमचा, पुढे स्क्रूची टोपी, ती पिळली की तार घट्ट बसायला पाहिजे. नवीन असताना बसायची. महिन्याभरात आटे झिजले, मग कितीही पिळा, एकदा तापवला की ढिला. साडेतीनशेच्या किटात सगळ्यात जास्त लागणारी वस्तू कुठली, तर हीच, आणि सगळ्यात फालतू बनवलेली वस्तू कुठली, तर तीही हीच.

दुकानात तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, "ताई, आगीत घालायच्या वस्तूला गॅरंटी कसली?" दुसऱ्यांदा मी म्हटलं नुसती तार द्या, तर सुटी तार येत नाही, अख्खा लूप घ्या, सत्तर रुपये. तिसऱ्यांदा दुकान जेवणासाठी बंद होतं आणि मी रहाटाघर स्टँडवर येऊन भजी खाल्ली, म्हणजे त्या दिवशी लूपपायी आणखी वीस रुपये गेले.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की इंटर्नलच्या आधीचे तीन महिने माझ्या ज्या ज्या प्लेटा वाया गेल्या त्या सगळ्या मी लूपच्या नावावर टाकत होते, आणि ते चूक होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मला एक सुटी कॉलनी, म्हणजे जंतूंचा एकटा ठिपका, मिळाली नव्हती, सगळी प्लेट साय धरल्यासारखी. मी म्हणायचे लूप खराब. मग लॅबमधल्या काकांनी माझी एक प्लेट उजेडाकडे धरली आणि विचारलं, झाकणाला हे पाणी कसलं? मी अगार कढत असतानाच ओतत होते, वर्गात सगळ्यांच्या आधी संपवायची घाई. हाताला सोसवेल इतकं, 45-50 अंशांपर्यंत निवू द्यायचं असतं, चाळिशीच्या आसपास तर ते थिजायलाच लागतं. कढत ओतलं की वाफ झाकणाला धरते, त्यात आपल्याकडची पावसाळी हवा, आणि वर मी इनक्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीत, प्लेट सुलटी ठेवायचे. पालथी ठेवायची असते हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. झाकणावरचे थेंब कॉलन्यांवर टपकणार, सगळं एकमेकांत वाहून जाणार, लूप त्यात काय करील बिचारा.

तरी अगार आहे म्हणून बरं. सुरुवातीला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये खाद्य थिजवायला जिलेटिन वापरायचे, ते उबेला पातळ होतं, आपल्या मे महिन्यात तर ते थिजलंच नसतं. 1881-82 च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं, आणि अगार मिळतं समुद्रातल्या लाल शेवाळापासून. हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे समुद्रातलं शेवाळ शिजवून त्यावर जंतू वाढवायला फी भरली काय गो आपण?" यावर मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

ग्रॅम स्टेनिंगमध्येही, म्हणजे जंतू रंगवून ओळखायच्या पद्धतीतही, तेच. माझे ई. कोलाय जंतू गुलाबी यायला पाहिजेत ते जांभळे यायचे आणि मी म्हणायचे लूप मोठा आहे, जास्त माल उचलतो. ते अर्धं खरं होतं. पण कॉलनीतून घ्यायचं तर लूपची कड नुसती टेकवायची असते, मी खरवडून काढत होते, नारळ खवल्यासारखी. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला जंतूंचा थर, जाड झाला की अल्कोहोलने जांभळा रंग नीट निघतच नाही, मग शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन घालून उपयोग काय. आता आधी स्लाइडवर पाण्याचा बारका थेंब, त्यात जेमतेम टेकवलेला लूप, पसरवायचं, वाळवायचं, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचं, स्लाइडची मागची बाजू मनगटाच्या वर लावून बघायची, कोमट लागली पाहिजे, चटका नको. क्रिस्टल व्हायोलेट, तो जांभळा रंग, मात्र जपून, गणपतीच्या आदल्या दिवशी माझी तीन बोटं रंगली आणि दुसऱ्या दिवशी मोदकाच्या पाऱ्या करताना मामी विचारते, भाद्रपदात जांभळं कुठे मिळाली तुला?

तर प्लेटा माझ्या चुकीने गेल्या हे मान्य. स्क्रूची चूक स्क्रूची, ती मी सोडणार नाही.

सत्तर रुपये परत त्याच दुकानाला द्यायचे नाहीत हे मी ठरवलं होतं. निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम, हीच तार विजेच्या शेगडीच्या कॉइलमध्ये असते, आणि आमच्या माळ्यावर आजीची जुनी कॉइलची शेगडी पडून होती. काढली, कॉइल उलगडायला गेले तर कटाकट तुकडे. वर्षानुवर्षं तापून ती ठिसूळ झालेली असते हे बाबांनी नंतर सांगितलं, आधी नुसते बघत बसले होते. मग नाक्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून न वापरलेल्या बारीक कॉइलचा वीतभर तुकडा आणला, दहा रुपये. सरळ केला, पेनाच्या रिफिलवर एक वेढा दिला, शेपटीला दोन पीळ मारले. लूप तयार.

तो बरोबर झाला की नाही ते बघायची काकांची युक्ती आहे. पाण्यात बुडवून वर काढायचा, गोलात पाण्याचा पडदा धरला पाहिजे, साबणाचे फुगे उडवायच्या कडीत धरतो तसा. माझ्या पहिल्या दोन लूपांत पडदा धरला आणि लगेच फुटला, कारण गोल पुरता मिटलाच नव्हता. तिसऱ्यात धरून राहिला. खिडकीकडे धरून बघितला तर त्यात बाहेरचा माड उलटा दिसत होता. आतून चार मिलिमीटरचा गोल असेल तर त्यात साधारण 0.01 मिली मावतं म्हणे, माझा त्याहून जरा लहान आहे.

होल्डरचा उपायही काकांचाच. तारेचं मागचं टोक दुमडून दुहेरी करायचं आणि मग टोपीत घालून पकडीने पिळायचं. आटे झिजलेलेच आहेत, पण जाडी वाढली की तार धरून राहते. नोव्हेंबरपासून एकदाही फिरलेली नाही. पूर्वी लूप प्लॅटिनमचे असायचे, लवकर निवायचे म्हणून चांगले. आई म्हणते तसला असता तर मी तुला नेऊच दिला नसता.

आणि जानेवारीत सेराशिया नावाच्या जंतूची प्लेट झाली. आम्ही ती इनक्युबेटरमध्ये 37 अंशांला ठेवली नाही, बाहेर टेबलावर ठेवली, कारण तिचा लाल रंग साध्या खोलीच्या उबेला चांगला येतो, 37 ला फिकी पडते. दोन दिवसांनी उघडायची वेळ आली तर पहिल्या भागात लाल गिचमीड, दुसऱ्यात रेघा, तिसऱ्यात तुटक रेघा आणि चौथ्यात एकेकटे लाल ठिपके, कुंकवाच्या काडीने टेकवल्यासारखे. अकरा होते. मी तीनदा मोजले. मॅडमनी प्लेट दोन बाकांवर दाखवायला नेली. दहा रुपयांची तार ती.

नवीन घेणाऱ्यांना एवढंच, किट एकत्र घेऊ नका. स्लाइड्स, कव्हरस्लिपा आणि पेन्सिल चालतील, होल्डर मात्र दुकानातच टोपी काढून आटे बघून घ्या, पितळी मिळाला तर पितळी. लूप ओला असताना एकदम ज्योतीच्या मध्यात घालू नका, तडतडून उडतं, आधी ज्योतीच्या कडेला वाळवा. आणि लाल झाल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर कडेच्या कोऱ्या अगारला टेकवा. चर्र आवाज आला म्हणजे थांबला नव्हतात.

पाचपैकी अडीच देणार होते, तीन देते, तेही स्लाइड्ससाठी.

गेल्या शुक्रवारी स्लाइड्स संपल्या म्हणून त्याच दुकानात जावं लागलं, जवळपास दुसरीकडे मिळत नाहीत. काउंटरवर तेच लूप, आता नव्वद रुपये. मालकांनी ओळखलं मला, म्हणाले, "काय ताई, लूप देऊ?" मी अ‍ॅप्रनच्या खिशातून माझा काढून दाखवला. त्यांनी हातात घेतला, टोपी जरा फिरवून बघितली आणि विचारलं, ही तार कुठून आणलीत?

मी सांगितलं नाही.