अजिंठा: लेणं गाठावं की हेडसेट लावावा?

चपला बाहेर काढून पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. पायांना गार दगड लागतो, डोळे अंधाराला सरावतात आणि मग भिंतीवर रंगवलेला, नीलकमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू पुढे येतो. पण कठड्यामुळे जवळ जाता येत नाही, फ्लॅशला बंदी, आणि सुट्टीच्या दिवशी मागची रांग थांबूही देत नाही.

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात, नेमकं उलटं. असंख्य फोटो जोडून उभारलेल्या त्रिमितीय लेण्यात भिंतीला अगदी नाक लावा, छतावरची नक्षी हवी तितका वेळ बघा, कुणी हटकत नाही. रंगाचे पोपडे कुठे उडालेत, भुवईची रेष कुठे जाड होते, हे इथेच नीट कळतं. गुडघे धरलेल्या आजीला तर लेण्याचा हाच दरवाजा उघडा आहे. गारवा मात्र नाही, आणि काहींना गरगरतं.

चित्रांच्या जिवाचा विचार केला तर पारडं हेडसेटकडेच झुकतं. फ्रान्समधली आदिम चित्रांची लास्को गुहा प्रेक्षकांच्या श्वासानं बिघडू लागली, म्हणून १९६३ साली बंद करावी लागली. तरीही पाय चालतायत तोवर मी आधी अजिंठ्याला, वाघूर नदीच्या काठीच जाईन. पद्मपाणीचे झुकलेले डोळे जवळून बघायला हेडसेट नंतर लावेन.