वादग्रस्त वक्ता: निमंत्रण पाळावे की मागे घ्यावे?

फोंडा, म्हापसा किंवा मडगाव येथे व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळापुढे हा प्रश्न बहुधा पत्रिका वाटून झाल्यावरच उभा राहतो. वक्त्याचे एखादे जुने भाषण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते, दोघे-तिघे सभासद राजीनाम्याची भाषा करतात आणि कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली जाते. तेथे तीन पर्याय मांडले जातात: निमंत्रण पाळणे, ते मागे घेणे, किंवा त्याच व्यासपीठावर विरोधी मताचा दुसरा वक्ता बोलावणे.

मागे घेण्याची किंमत मराठी वाचकांना ठाऊक आहे. 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आंदोलनाच्या धमक्यांनंतर रद्द झाले. त्यावर अनेक निमंत्रितांनी बहिष्कार टाकला, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला आणि संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच नापसंती नोंदवली. पुढच्याच वर्षी उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षपदाला त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, परंतु आयोजक हटले नाहीत आणि संमेलन पार पडले. निवडलेला अध्यक्ष आणि बोलावलेला पाहुणा यांत फरक आहे, हे मान्य करूनही दोन्ही प्रसंगांतील दबाव बाहेरचा होता, आणि बाहेरच्या दबावापुढे माघार घेणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षीची पाहुण्यांची यादी स्वतःच्या मनाने ठरवता येत नाही.

विरोध आतल्या सभासदांकडून येतो तेव्हा मात्र पाळण्याचीही किंमत मोजावी लागते. अमेरिकेतील संगणक प्रोग्रामरांच्या दोन परिषदांनी कर्टिस यार्विन या एकाच वक्त्याबाबत परस्परविरोधी निर्णय घेतले. वंश आणि गुलामगिरी यांविषयीच्या त्याच्या लेखनामुळे 2015 साली ‘स्ट्रेंज लूप’ने त्याचे तांत्रिक व्याख्यान रद्द केले, तर 2016 साली ‘लॅम्डाकॉन्फ’ने ते कायम ठेवले, कारण तेथील प्रस्ताव नावे झाकून निवडले गेले होते. परिणामी काही वक्ते व प्रायोजक बाहेर पडले. नावे झाकून केलेली निवड प्रामाणिक असली, तरी आपल्याला कमी लेखणारा माणूस शेजारच्या खुर्चीत बसणार, हा सभासदाचा प्रश्न तिने सुटत नाही.

गोव्यात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण श्रोते एकमेकांना ओळखतात आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच बाजारात भेटतात. म्हणून दोन वक्त्यांतील भेद नीट पाहावा. पोर्तुगीज काळातील 1933 च्या देवस्थान नियमावलीवर टीका करून महाजनपद, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासदत्व, सर्वांना खुले करावे असे सांगणारा, किंवा 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीला कोकणीच्या बरोबरीचे स्थान मागणारा वक्ता कितीही कटू वाटला, तरी तो व्यवस्थेबद्दल बोलतो. त्याचे व्याख्यान झालेच पाहिजे. याउलट ख्रिस्ती गोमंतकीय परके आहेत किंवा अमुक जातीच्या माणसाने पहिल्या रांगेत बसू नये असे सांगणारा, समोर बसलेल्या श्रोत्याचे तेथे असणेच नाकारतो. अशाला न बोलावणे म्हणजे गळचेपी नव्हे. 1989 च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांच्या धमकीवरून अभिव्यक्ती दडपता येत नाही असे बजावले, ते सरकारला. कोणाला बोलवावे हे खासगी मंडळाने स्वतःच ठरवायचे असते.

दुसरा वक्ता बोलावण्याचा पर्याय दिसायला सोपा आहे. पहिल्या प्रकारच्या विषयाला तो शोभतो, कारण राजभाषेवर किंवा देवस्थानांवर दोन अभ्यासू बाजू खरोखरच आहेत. दुसऱ्या प्रकारात मात्र एखाद्या समाजाच्या माणुसकीचा वादविवाद होतो आणि त्या समाजाच्या सभासदाला बचावाला उभे राहावे लागते. शिवाय हा बदल पहिल्या वक्त्याला न विचारता करणे ही उघड फसवणूक आहे.

तेव्हा चौकशी निमंत्रणापूर्वी करावी, तीही छापील लेखन आणि संपूर्ण भाषणे पाहून, कापलेल्या चित्रफितीवरून नव्हे. ज्या सभासदांना झळ पोहोचू शकते त्यांना त्याच वेळी विचारावे. एकदा निमंत्रण गेले की ते पाळावे. अपवाद एकच: आधी हाती न आलेली आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात मोडणारी गोष्ट पुढे आली, तर मागे घ्यावे, पण मग पत्रात ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे लिहू नये. कारण स्पष्ट नोंदवून अध्यक्षांनी स्वतः सही करावी आणि वक्त्याचा झालेला प्रवासखर्च मंडळाने भरून द्यावा.