वाटी धरणारा नी-ब्रेस, आठ महिन्यांनंतर: सगळं त्या एका गादीवर आहे

आठव्या महिन्यात बाहेरच्या बाजूची शिवण उसवली आणि आतली इंग्रजी ‘J’ आकाराची गादी हातात आली. शिवण वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीचं उत्तर. म्हणजे ज्या एका भागासाठी हा ब्रेस घ्यायचा, तोच भाग वॉरंटीबाहेर! गुडघ्याच्या वाटीसाठीचं भोक, दोन पट्टे, बाजूच्या स्प्रिंगा सगळ्यांना माहीत आहेत. काम करते ती ही गादी, आणि नेमकी तिचीच जागा चुकते.

वाटी निसटते ती जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूला. तिला आतून धरणारा मुख्य अस्थिबंध (लिगामेंट) म्हणजे एमपीएफएल. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूने निघून वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या भागाला चिकटणारा हा पातळ पट्टा. गुडघा सरळ असल्यापासून साधारण ३० अंश वाकेपर्यंत वाटीला आवरण्याचं निम्म्याच्या आसपास काम हा एकटा करतो. त्यापुढे वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत उतरते आणि हाडाच्या भिंती तिला सांभाळतात. वाटी पहिल्यांदा निखळते तेव्हा हा पट्टा बहुतेक वेळा फाटतो. परत जागेवर येताना वाटीची आतली बाजू मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आपटते, आणि कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थराचा, टवका तिथे उडू शकतो.

त्यामुळे गादी वाटीच्या बाहेरच्या कडेला लागूनच हवी आणि तिचा आधार त्या पहिल्या ३० अंशांत मिळायला हवा. पण चार जिने चढून उतरलं की ब्रेस दोनेक सेंटिमीटर खाली सरकतो आणि गादीचं टोक वाटीखालच्या कंडरेवर, तिच्यामागच्या चरबीवर रुततं. वाटीच्या खालच्या टोकाशी नवीनच दुखायला लागलं, तर आधी गादी कुठे आहे ते पाहा.

सुरुवातीला मी दोष पट्ट्यांना दिला होता. ते मत आता बदललंय. मांडी खाली निमुळती होत जाते, म्हणून वरचा पट्टा कितीही आवळा, ब्रेस घसरणारच. वर पाय सुजेल तो वेगळाच. ब्रेस अडतो तो पोटरीवर. खालचा पट्टा पोटरीच्या फुगवट्याच्या जरा वर, आधी लावायचा. मग गुडघा २०-३० अंश वाकवून वाटी भोकाच्या मधोमध आणायची आणि शेवटी मांडीचा पट्टा, एक बोट सरकेल इतका सैल. घेर कुठे मोजायचा ते प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात वेगळं असतं. कुठे वाटीच्या मध्यावर, कुठे तिच्या १५ सेंटिमीटर वर. अंदाजाने साइझ घेतली की घसरणं ठरलेलं.

दुसरं मतही बदललं. वाटी जागेवर ओढली जाते म्हणून आराम पडतो, असं वाटायचं. वाटी सरकते ती फार थोडी. आराम पडण्याचं एक कारण असं दिसतं की वाटीचा मांडीच्या हाडाला टेकणारा पृष्ठभाग थोडा वाढतो आणि तोच भार जास्त जागेवर वाटला जातो. फाटलेल्या अस्थिबंधाची जागा कापड घेऊ शकत नाही. वाटी वारंवार निखळत असेल तर एमआरआय आणि शल्यविशारद, यात चालढकल नको.

आणि हा ब्रेस सगळ्यांसाठी नाही. वाटीच्या बाहेरच्या बाजूचे बंध घट्ट असून वाटी तिकडे कललेली असेल, तर गादीच्या दाबाने आधीच भार सोसणाऱ्या बाहेरच्या कूर्चेचा त्रास वाढू शकतो. गुडघ्यातला मागचा क्रूसबंध, म्हणजे पीसीएल नावाचा अस्थिबंध, फाटलेला असेल तर नडगी मागे सरकते, मांडीच्या पुढच्या स्नायूला जास्त ओढावं लागतं आणि वाटीमागचा दाब वाढतो. त्यावर या गादीचा काहीच उपाय नाही.

मांडीचा व्यायाम मात्र कुठल्याही ब्रेसने टळत नाही. पाय जमिनीवर टेकवून करायचा व्यायाम ० ते ४५ अंशांत, बसून पाय उचलायचा तो ९० ते ४५ अंशांत, कारण या टप्प्यांत वाटीमागे दाब कमी राहतो.

गादी आता जाड नायलॉन दोऱ्याने दुहेरी शिवली आहे. नवीन घेणाऱ्यांनी गादी वेल्क्रोवर सरकवता येणारा प्रकारच बघावा. धुताना ती काढून ठेवता येते आणि शिवणीवर ताण येत नाही.