चाकाचा घुंऽऽ आवाज नक्की कुठल्या बेअरिंगचा ते शोधून देणारं कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज

गाडी आमची २००९ ची वॅगनआर, बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली, १ लाख ३८ हजार किमी झालेत आणि इंजिन अजून एकदम चोख आहे, त्यामुळे विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. आधी आवाजाचं सांगतो म्हणजे एका गॅरेजबद्दल एवढं का लिहितोय ते कळेल. ताई मिरजेला असते, महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं, तर हातकणंगले सोडून मोकळा रस्ता लागला आणि ५० च्या पुढं गेलो की घुंऽऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, लांबून विमान जातंय तसा. ७० ला तर आई मागं बसून काय बोलतेय ते पुढं कळायचं नाही. गावात ३०-४० ला मात्र काहीच नाही, त्यामुळे कुणाला दाखवायला गेलं की गाडी गप्प.

आधी ज्या गॅरेजला नेली (नाव घेत नाही) तिथं गाडी जाग्यावर उभी असतानाच टायरवर हात फिरवून सांगितलं, टायरला चढउतार पडलेत, चारही बदला. टायर जुने होते हे खरं, म्हणून बदलले, १४ हजार गेले, अलाइनमेंट बॅलन्सिंग वेगळं, आणि मिरजेच्या पहिल्याच फेरीला आवाज जसाच्या तसा. परत गेलो तर म्हणे आता चारही चाकांची बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची रिंग) टाकून घेऊ, एकदाच काम मिटेल. त्यातलं कुठलं खराब आहे विचारलं तर उत्तर नाही. गाडी चालवून बघा म्हटलं तर वेळ नाही. मला फार वाईट वाटलं खरं सांगायचं तर, पैशापेक्षा जास्त ह्याचं की कुणी ऐकूनच घ्यायला तयार नव्हतं.

मग ऑफिसमधल्या एकानं शिवाजी उद्यमनगरातले हे मामा सांगितले. लेथ आणि प्रेसच्या (दाब देऊन भाग काढा-बसवायच्या मशीनच्या) दुकानांच्या मधला बोळ, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, बोर्ड नाही. नाव-नंबर टाकू का म्हणून मामांना विचारलं होतं तर नको म्हणाले, आहे तेच काम आवरत नाही, म्हणून टाकत नाही. तिथं कुणालाही विचारलं तरी सांगतील.

पहिली गोष्ट म्हणजे मामांनी बॉनेटला, चाकाला कशालाच हात न लावता प्रश्न विचारले. आवाज कितीला सुरू होतो, ब्रेक दाबला की बदलतो का, फुल स्टेअरिंग कापून वळताना कटकट येते का (ती आली असती तर अॅक्सलच्या जॉइंटवर संशय), रस्ता बदलला की आवाज बदलतो का. ह्या शेवटच्या प्रश्नावर मी अडलो. ते म्हणाले टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, गुळगुळीत डांबरावर कमी, खडबडीत पॅचवर जास्त, बेअरिंगचा मात्र सगळीकडं एकसारखा येतो आणि फक्त स्पीडबरोबर चढतो. चला म्हणाले, बघू.

उचगावकडून हायवेला लागलो, मी चालवतोय आणि मामा आधी मागच्या सीटवर, मग पुढं, काचा सगळ्या बंद. ६० ला गाडी न्यूट्रल करायला लावली, इंजिन खाली बसलं पण घुंऽऽ तसंच राहिलं, म्हणजे इंजिन आणि क्लच बाजूला झाले. मग गोकुळ शिरगावच्या पुढं मागं-पुढं कुणी नाही असं बघून स्टेअरिंग हळूच डावीकडं, हळूच उजवीकडं, लेन बदलल्यासारखं करायला सांगितलं. उजवीकडं घेतलं की आवाज भरून यायचा, डावीकडं घेतलं की जवळजवळ बंद. उजवीकडं वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून संशय डाव्या बाजूवर. आणि मी तर एवढे महिने ठामपणे सांगत होतो की आवाज मागच्या उजव्या चाकातून येतोय! मामा म्हणाले, पत्रा आवाज फिरवतो, कानावर एकट्यावर जाऊ नका.

परत आल्यावर पण लगेच खोलायला घेतली नाही. जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, मग चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. कुठंच प्ले (ढिलेपणा) नाही. मी म्हटलं मग बेअरिंग चांगलंय की, तर म्हणाले ढिलं व्हायच्या किती तरी आधी बेअरिंग आवाज करतं, प्ले नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं. प्ले असता तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं, प्ले गेला तर बेअरिंग आणि राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमधलं काही तरी, हे पण जाता जाता सांगितलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी बघितलं नव्हतं. माझा हात धरला आणि दोन बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकी टेकवायला लावली, चाक हातानं फिरवलं. उजव्या चाकाला काहीच नाही, नुसतं गार लोखंड. डाव्याला बोटांच्या टोकाला बारीक किरकिर, वाळू दळल्यासारखी, कानाला काही ऐकू येत नव्हतं पण बोटांना स्पष्ट. एवढे महिने जे शोधत होतो ते असं बोटाला लागलं. तरी खात्रीसाठी पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेऊन पोरानं गाडी गिअरमध्ये हळू पळवली आणि मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नकलवर (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) आणि मूठ कानाला लावून दोन्ही बाजू ऐकल्या. एकच चाक उचलून असं करायचं नाही म्हणाले, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) ते मीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट फिरतं. मागची दोन्ही चाकं पण फिरवून बघितली, ती ठीक. निकाल, पुढचं डावं, एकच.

सामान कुठलं घ्यायचं त्यात पण जबरदस्ती नाही. एसकेएफ, एनबीसी किंवा मारुतीचं ओरिजिनल, तिन्ही चालेल, पण डुप्लिकेट खोकी सर्रास फिरतात म्हणून अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलानं तुम्हीच आणा म्हणाले. मी आणलं.

काम बघायला उभं राहू दिलं ह्याचं मला फार बरं वाटलं. नकल काढून शेजारच्या प्रेसवर नेली, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) बाहेर आला पण जुन्या बेअरिंगची आतली रिंग हबलाच चिकटून बसली. पोरगं छिन्नी घेऊन ठोकायला निघालं तर मामांनी थांबवलं, ग्राइंडरनं रिंग एका जागी तिरकी कापत आणली, हबला लागायच्या आत थांबले, आणि मग छिन्नीचा एकच ठोका, टक् करून रिंग फुटली. हबवर ओरखडा नाही. आतलं ग्रीस तांबूस आणि पातळ झालेलं, ते पुसून बाहेरच्या रिंगची धाव दाखवली, गोळ्या पळतात तिथं बोटाच्या पेरभर जागेत टवके उडालेले, नख अडकत होतं. बघून म्हणाले, गाडी पुरात होती का? होती. २०२१ च्या जुलैत पार्किंगमध्ये निम्मं चाक बुडेल एवढ्या पाण्यात दोन दिवस उभी होती. तेव्हा ब्रेक, स्टार्टर, वायरिंग सगळं बघून घेतलं, बेअरिंग कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाणी सीलमधून आत गेलं की ग्रीस जातं आणि गंज धरतो, आवाज मात्र बऱ्याच उशिरा येतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्यांच्या जुन्या गाड्या पुरात भिजल्यात त्यांनी हे एकदा तपासून घ्याच.

नवीन बेअरिंग बसवताना प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाबलं तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग बसतानाच मार खातं, बरेच जण हातोड्यानं ठोकून बसवतात आणि दोन-तीन महिन्यांत परत आवाज येतो तो ह्यामुळे. हब आत घालताना मात्र उलट, आतल्या रिंगला खालून टेकू दिला. मी उजवं पण टाकून घेऊ का विचारलं तर म्हणाले, ते गप आहे, त्याला कशाला खोलता.

बिल: बेअरिंग ११५०, मजुरी ९००, प्रेसचे ३००, तपासणीचे २००, एकूण २५५०. तपासणीचे २०० मी आनंदानं दिले, खरं तर तेच सगळ्यात मोलाचे होते.

आता खटकलं ते पण लिहितो. फोन उचलत नाहीत, सकाळी दहाचं सांगितलं की बारा धरा, बसायला जागा नाही, बायकोला बाहेर उन्हात थांबावं लागलं. आणि अॅक्सलचा मोठा नट त्यांनी आधी पाइप लावून अंदाजानंच आवळला. ह्या नटवर बेअरिंग किती दाबून बसतं ते ठरतं, म्हणून मी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच नट आवळायचा पाना) आहे का विचारलं. होता, कपाटातून काढला आणि कुरकुर न करता नट सैल करून परत आवळून दिला, पण न विचारता व्हायला पाहिजे होतं, तेवढ्यासाठी पाचातला एक स्टार कमी.

त्यानंतर मिरजेच्या नऊ-दहा फेऱ्या झाल्या, अंकली पुलाच्या अलीकडं ७५-८० ला पण गाडी शांत असते, आई मागं बसून ताईशी फोनवर बोलते आणि मला दोन्हीकडचं ऐकू येतं. जाणार असाल तर सकाळी जा, अर्धा दिवस मोकळा ठेवा, टाकीत टेस्टला पुरेल एवढं पेट्रोल असू द्या. सोमवारी बंद.